सजणी कोण, हे माझ्या पोटात होतं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं झाकण रबरबँडने बंद होतं आणि अधूनमधून मी कॅसेट खातो. भूक म्हणून नव्हे, सवय म्हणून.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, शाळेत कविता ऐकवीन. नशिबी आला एक गीतकार. मालकांना काही सुचेनासं झालं की ते मला सुरू करून घरात ठेवून देत. नंतर ऐकून घरच्या बोलण्यातून गाणं काढत, चालही स्वतःच लावत. ‘खाली उतर, पडशील’ हे ते मांजराला म्हणाले होते. महिन्याभरात गायकाने ते चंद्राला म्हटलं.

मग आलं, ‘सजणी, येते म्हणालीस, आली नाहीस, भिजून गेले सारे’. बसमध्ये, केस कापायच्या दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे तेच. मला विणलेलं कव्हर मिळालं. पुढे मोबाइल आला आणि मी कव्हरासकट कपाटावर गेलो.

मध्यंतरी एका कार्यक्रमात कुणीतरी मालकांना विचारलं, “ही सजणी कोण?” मालकांनी उसासा टाकला. “ते नाव ओठांतच राहू द्या.” टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे त्यांची बायको.

घरी येताच बाईंनी बहिणीकडे जायची बॅग काढली.

“अगं, सजणी वगैरे कोणी नाही. प्लंबर होता तो!”

“प्लंबर?” बाईंनी साडीची घडी घातली. “आता हेच ऐकायचं राहिलं होतं.”

कपाटावर माझा जीव वरखाली होत होता. खरं माझ्या पोटात आणि बटण दुसऱ्याच्या हातात! मालकांनी मला खाली ओढलं, जुनी कॅसेट कोंबली आणि घाईत बोट ठेवलं ते थेट लाल बटणावर. ते आत गेलं असतं, तर सगळं पुसलं जाऊन वर नवरा-बायकोचं भांडण उमटलं असतं. मित्रांनो, आयुष्यभर मी नकळत बिघडलो. त्या दिवशी ठरवून बिघडलो. बटण हललंच नाही. मालकांनी मला दोन चापट्या मारल्या आणि शेजारचं दाबलं.

खरखर झाली. मग तरुणपणीचे मालक फोनवर गयावया करू लागले, “येतो म्हणालात, आलाच नाहीत! सगळं भिजून गेलंय हो!”

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मालकांनी सुटकेचा श्वास सोडला, पण कॅसेट थांबली नव्हती. मागे कोणीतरी बादलीत फडकं पिळत गुणगुणत होतं. त्या गाण्याचीच चाल. वरच्या सुरावरच्या हेलकाव्यासकट.

बाई उभ्याच राहिल्या. “ही चाल माझी आहे.”

“अगं, तू नुसती गुणगुणत होतीस.”

“आणि तुम्ही नुसता फोन करत होतात.”

मालकांनी बॅगेतली साडी हळूच बाहेर काढली.

“पुढच्या कार्यक्रमात सांगायचं,” बाई म्हणाल्या. “सगळं.”

“प्लंबरचंसुद्धा?”

“प्लंबरचं आधी. माझं नाव नीट, सावकाश.”

मालकांनी सांगितलं. लोक प्लंबरला पोट धरून हसले, आणि बाईंच्या नावाला उठून उभे राहिले. बाई मात्र उठल्या नाहीत. बसल्या जागी तीच चाल गुणगुणत होत्या म्हणे.

तर मित्रांनो, आमच्यावर धूळ बसली तर कोरड्या फडक्याने झटका, ओल्या नको. आणि जुनी कॅसेट फेकण्याआधी शेवटपर्यंत ऐका. मोठ्याने बोलणाऱ्याच्या मागे कोणीतरी हळू गात असतं. ते कोण, हे तिने बॅग भरण्याआधी विचारा.