उसनी चाल

मेकअपच्या खोलीत काकांच्या फळीवर चार वस्तू होत्या: बिनकाचांचा चष्मा, पांढरी मिशी, एक काठी आणि बुटांचा जुना जोड. ड्रेसवाल्याने जोड उलटा केला आणि टोकाशी तळाच्या कडेला अंगठ्याचं नख लावून पाहिलं. उजव्या बुटाचा तळ नखभर जाड होता. डाव्याचा जेमतेम कागदाएवढा उरला होता.

"काका, हा आता चार दिवसांचा पाहुणा. नवा तळ ठोकून आणतो."

"हात नको लावूस त्याला!"

आवाज नको तेवढा चढला. आरशासमोर बसलेली मालिकेतली सून खुदकन हसली. "अगंबाई! राक्षसाचा जीव पोपटात, तसा आमच्या काकांचा बुटात."

काकाही हसले. हसण्यावारी नेणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. तीस वर्षं ते कॅमेऱ्यासमोर उभे होते, बहुतेक वेळा कोणाच्या तरी खांद्यामागे. डॉक्टर, हवालदार, पोस्टमन, नवऱ्या मुलीचा बाप. बऱ्याचदा प्रेत. प्रेत ते इतकं झकास करत, की एकदा खुद्द दिग्दर्शकाने घाबरून त्यांची नाडी पाहिली होती. पण रस्त्यात त्यांना कोणी ओळखत नसे. 'तुम्हाला कुठेतरी पाहिलंय,' एवढं म्हणून लोक पुढे जात.

मग ही मालिका आली. श्रीमंताघरचा म्हातारा नोकर, चार भागांचं काम. दाराची घंटा वाजली की हा डावा पाय फरफटत निघतो, "आलो, आलो! दार मोडू नका!" असं ओरडत दारापर्यंत पोहोचतो, तोवर पाहुणा कंटाळून गेलेला असतो. चार भागांचं दीड वर्ष झालं. आता लोक त्यांना रस्त्यात अडवून म्हणत, "काका, एकदा चालून दाखवा ना."

पाय दादाचा होता. वाक्यही दादाचंच.

मोठ्या भावाला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्याने अंथरूण धरलं नाही. डावा पाय ओढत तो रोज कोपऱ्यावरच्या वर्तमानपत्रवाल्यापर्यंत जायचा आणि यायचा. घरात घंटा वाजली तर वहिनीला उठू न देता स्वतः निघायचा, आणि आतूनच ओरडायचा. काकांनी भूमिकेसाठी ती चाल आरशासमोर करून पाहिली. पाय खोटा दिसत होता. तेव्हा ते वहिनीकडे गेले आणि दादाचे जुने बूट मागितले.

"न्या की," वहिनी म्हणाली होती. "डाव्याचं टोक वर्षभरात झिजवलंय ह्यांनी. आजच नवे आणलेत, अगदी असेच."

त्या बुटांत पाय घातला आणि चाल आपोआप खरी झाली. कशासाठी हवेत, हे काकांनी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

काल तिचा फोन आला. "भाऊजी, उद्या येऊन जा. हे चालायला बाहेर पडतच नाहीत. डॉक्टर म्हणतात, पाय एकदा आखडला तर आखडलाच. तुमचं तरी ऐकतील."

कधीपासून, हे ती बोलली नाही. काकांनी विचारलं नाही.

मेकअप उतरवून ते दिग्दर्शकाकडे गेले. "मी काय म्हणतो, म्हाताऱ्याचा पाय बरा झाला असं दाखवलं तर?"

"काका, गंमत करताय का?" पोरगेल्या दिग्दर्शकाने मोबाइलमधून मान वर केली. "अख्खी मालिका त्या पायावर उभी आहे. पाय बरा झाला, तर तुमचं काम काय उरलं?"

"नाही, सहज आपलं सुचलं."

"सुचू देऊ नका."

"बरं," काका म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी कुठल्याच दिग्दर्शकाला दुसरं काही म्हटलं नव्हतं. निघताना मात्र त्यांनी बूट पिशवीत टाकले. निदान हे तरी परत द्यावेत.

दादाच्या गल्लीत पोरं चेंडू खेळत होती. एकीने ओळखलं. "आलो, आलो!" ती किंचाळली, आणि बघता बघता दहाबाराजणांनी त्यांना घेरलं.

"चाला ना काका! एकदाच!"

"अरे, नंतर. कामाला आलोय."

"फक्त इथपासून तिथपर्यंत! प्लीज!"

समोर दादाचं घर होतं, तळमजल्यावर. काकांना ते दिसत होतं. तरीही डावा खांदा आपोआप उतरला, पाय मागे पडला, आणि ते खांबापर्यंत फरफटत गेले. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्यांनी आत काहीतरी सुखावलं, हेही त्यांना कळलं. मग त्यांनी मान वर केली. खिडकीचा पडदा नुकताच सोडल्यासारखा हलत होता.

त्यांनी घंटा वाजवली. आतून कोणी ओरडलं नाही. दार वहिनीने उघडलं.

दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. मांडीवर पांघरूण, समोर बंद टीव्ही.

"या, कलावंत! बाहेर टाळ्या वाजत होत्या."

"पोरं आहेत रे ती."

"बघितलं मी." दादाने मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. "छान करतोस, धाकट्या. पण एक चुकतंय."

लहानपणी मास्तरांची नक्कल केली म्हणून घरच्यांनी काकांना चोपलं होतं, तेव्हा माळ्यावर नेऊन तीच नक्कल पुन्हा करायला लावणारा, चुका सांगणारा, हा दादाच होता.

"काय चुकतंय?"

"पाऊल टाकताना तू समोर बघतोस. मी खाली बघतो. मला पडायची भीती असते."

वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. भांड्याचा आवाज मात्र आला नाही.

"दादा, चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. मी धरतो तुला."

"आपण दोघं? एकामागे एक?" दादा हसला. "लोकांना वाटेल, नवा भाग चाललाय."

"मी सोडतो ती मालिका."

"आणि काय करशील? परत प्रेत?"

सोडणार नाही, हे काकांना ठाऊक होतं. दादालाही ठाऊक होतं. आपल्याला माफ करून टाकण्यासाठीच तो विनोद करतोय, हे लक्षात आल्यावर त्यांना त्याच्याकडे बघवेना.

"चहा घेऊन जा," दादा म्हणाला. काकांनी चहा घेतला. दोघे हवापाण्याचं बोलले.

निघताना ते दारापाशी वाकले. पिशवीतला जोड त्यांनी हळूच फळीवर ठेवला. शेजारी दादाचे दीड वर्षापूर्वी घेतलेले बूट होते, अगदी तसेच. काकांनी ते उचलले, उलटे केले आणि टोकाशी अंगठ्याचं नख लावलं.

उजव्याचा तळ नखभर होता. डाव्याचाही नखभर.