मोबाईलातलं कुडपण

माझा नवरा अनिल हाडाचा शेतकरी आहे. निदान त्याची तरी तशी समजूत आहे. नवी मुंबईतल्या एका मॉलमध्ये तो लिफ्ट आणि सरकते जिने दुरुस्त करतो, घणसोलीत चुलतभावांबरोबर एका खोलीत राहतो, आणि जेवताना, बसमध्ये, संडासात, जिथे वेळ मिळेल तिथे मोबाईलवर शेती करतो. सुट्टीला पोलादपूरला माझ्याकडे आला की चहा मागतो तोसुद्धा मान वर न करता.

त्या शेतीचं कौतुक मी इतकं ऐकलंय की मला ती तोंडपाठ झालीय. फळझाड लावायचं म्हणजे दुकानातून रोप घ्यायचं आणि जमिनीवर बोट टेकायचं. खड्डा नाही, शेणखत नाही, पाणीसुद्धा नाही. झोपायचं बटण दाबलं की एक दिवस संपतो. असे बरेच दिवस दाबले की झाडाला फळ येतं. डुक्कर येत नाही, साळिंदर मुळं खात नाही, वणवा लागत नाही. एकच अट. झाडाच्या चारी बाजूंची जागा मोकळी हवी. शेजारी दगड जरी ठेवला तरी झाड जिथल्या तिथे थांबतं. आणि हो, थंडीत बर्फ पडतो. ह्या शेताला त्यांनी आमच्या गावाचं नाव दिलंय, 'कुडपण'. कुडपणात बर्फ! मी तुडीलची, नदीकाठची, मला डोंगरातलं फार कळत नाही, पण एवढं कळतं.

'त्यांनी' म्हणजे अनिल एकटा नव्हे, अख्खी भावकी. एकाच शेतावर सगळे मिळून खेळता येतं म्हणे. अनिल, त्याचा चुलतभाऊ सुहास, आणखी दोघं-तिघं, आणि सगळ्यांवर भिकाजीनाना. नाना माझ्या सासऱ्यांचे धाकटे चुलतभाऊ, आता भावकीत वडीलधारे तेच. रखवालदारीतून निवृत्त झाले, नातवानं खेळ शिकवला, आणि नानांनी शेतात पाय ठेवल्याबरोबर पहिलं काम काय केलं असेल? वाटणी. ओढ्याच्या वरचं सुहासला, खालचं अनिलला, विहिरीचा रस्ता सामाईक. नांगर लागायच्या आधी बांध घातले. आमच्या माणसांना मोकळी जमीन बघवत नाही.

आता खरं कुडपण. पोलादपुराहून घाट चढून वर गेलं की सपाटीवर आमचं घर आहे, त्यात माझी सासू आवडी एकटी राहते. घरामागे वरकस आहे, म्हणजे भात पिकत नाही अशी उताराची जमीन. ती सगळ्या भावकीची सामाईक आहे आणि माझं लग्न झाल्यापासून मी तिच्यावर गवताशिवाय काही पाहिलेलं नाही. कारण आमच्यात रिवाज असा, की सामाईक जमिनीत ज्यानं झाड लावलं त्याचं ते झाड, आणि झाडाखालची जागाही हळूहळू त्याचीच धरली जाते. म्हणून कुणीच कुणाला लावू देत नाही. लावायचं तर सगळ्या वाटेकऱ्यांनी देवळात बसून नारळावर हात ठेवून हो म्हणायचं. असे सगळे एका वेळी कधी बसले नाहीत आणि वरकस तशीच उघडीबोडकी राहिली.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, त्या वरकशीवर फणस, काजू आणि आंबे लावायचे आहेत. दुसरं काही त्या मागत नाहीत. दरवर्षी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपं करतात, भावकीला निरोप पाठवतात, उत्तर येत नाही. मुळं पिशवी फोडून बाहेर आली की रोपं दुसऱ्या वाडीतल्या कुणाला तरी देऊन टाकतात. मी अनिलला कितीदा म्हटलं, तुझ्या भावांशी बोल. तो म्हणायचा, "बोलतो गं. पण भावकीत वाकडं नको यायला."

ह्या वर्षी भावकीत वाकडं आलंच, पण कशावरून ते ऐका. अनिलनं मोबाईलात सुहासच्या बांधाला लागून आंबा लावला. सुहासनं त्याला खेटून कोंबड्यांचं खुराडं बांधलं. झाड वाढायचं थांबलं. अनिल म्हणाला, खुराडं काढ. सुहास म्हणाला, तुझ्या झाडाला फळ धरलं की ती जागा तुझी होणार, मी काय येडा हाय? ग्रुपवर शिव्या सुरू झाल्या. खोलीत एका गॅसवर दोन वेगळे कुकर लागायला लागले. शेवटी नानांनी निकाल दिला, की जमिनीचा तंटा आहे, जमीन कुडपणची आहे, तेव्हा तो कुडपणच्या देवळातच मिटला पाहिजे.

मी दोनदा विचारलं, "कुठली जमीन?" अनिल माझ्यावरच चिडला.

शिमग्याला ह्यांच्यातला एकही आला नव्हता. सुट्टी मिळत नाही, गाडीभाडं परवडत नाही. पालखी खांद्यावर घ्यायला माणसं कमी पडली तेव्हा खालच्या वाडीतून बोलवावी लागली. आणि एप्रिलात, ऊन डोक्यावर असताना, हेच सगळे भाड्याची मोठी गाडी करून मोबाईलातल्या एका झाडासाठी घाट चढून आले. मी पोलादपूरच्या स्टँडवरून त्यांच्याच गाडीत बसले. वाटेत सुहास आणि अनिल एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांच्या मध्ये मी, मांडीवर नारळाची पिशवी.

आईंना मी गाडीतून उतरताच सगळं सांगितलं, तरी त्यांना ते पटलं नाही. खरंखुरं झाड नसताना भांडण कसं होईल? त्यांनी आपल्या मनाशी ठरवूनच टाकलं, की पोरं लाजून काहीतरी सांगतायत, आली आहेत ती वरकशीसाठीच. त्यांनी कोंबडी केली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, नवीन लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी देवळात जाऊन बसल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

देवळात बैठक बसली. नानांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, तेही अगदी रीतसर. बा देवा, तुझ्या लेकरांत जमिनीवरनं तंटा झालाय, त्यांना सुबुद्धी दे. मग आपला मोबाईल देवापुढे ठेवला. रेंज तेवढी देवळातच येते, म्हणून देवाला ते बघावं लागलं. सुहासनं बाजू मांडली, अनिलनं बाजू मांडली. माझ्या नवऱ्याला इतक्या पोटतिडकीनं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "झाडाचा काय दोष, नाना? त्येला मोकळी जागा मिळाली नाय तर त्येनं वाढायचं कसं?" मला हसावं की पायातली चप्पल काढावी ते कळेना. चप्पल बाहेर होती म्हणून हसले.

तासभर खल झाला. ठरलं असं, की सुहासनं खुराडं मागे घ्यायचं आणि अनिलनं त्या झाडाचे निम्मे आंबे सुहासला द्यायचे. दोघांनी नारळावर हात ठेवला. नारळ फुटला. मिठ्या मारल्या. नानांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "येकी टिकली पायजे बाबांनो. येकी असली का सगळं हाय."

तेव्हा आई पुढे सरकल्या.

"भावोजी, सगळी बसलीच हायत तर आपल्या वरकशीचं पण उरकून टाका. रोपां तयार हायत माजी. एक नारळ मी घेऊन आलंय."

नानांनी घसा खाकरला. "वहिनी, आता त्यो विषय नको."

"का नको? सगळी वाटेकरी हितंच तर हायत."

"काकी, तुमी आज झाडां लावणार," सुहास म्हणाला. त्याचा एक हात अजून अनिलच्या खांद्यावरच होता. "उद्या ती जागा अनिलची होणार. मंग आमी काय करायचं? बोलून ठेवतो, लावलंत तर आमी येऊन उपटून टाकू."

मी अनिलकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मघाशी झाडाला मोकळी जागा मागताना ज्याला एवढा कळवळा आला, तो माणूस आता स्वतःचा मोबाईल लुंगीला पुसत होता. लग्न करताना मी त्याचं घर बघितलं, नोकरी बघितली, पत्रिका बघितली. हे कुठे बघायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अनिल, बोल की," मी म्हटलं.

"अगं, आत्ताच तर मिटलंय," तो पुटपुटला. "परत कशाला?"

आई देवापुढच्या त्या मोबाईलकडे बघत म्हणाल्या, "बरं, मंग तितं तरी एक लावू दे मला. एक फणस. तितं लावून कोनाचं काय जातंय?"

मला वाटलं, आता तरी ह्यांना लाज वाटेल. निदान हसण्यावारी का होईना, हो म्हणतील. फुकटचं झाड, फुकटची जागा, बोट टेकायचं तर काम. पण त्यांनी एकमेकांकडे बघितलं. खरंच विचारात पडले! सुहासनं बांध कुठून कुठे जातात ते मोबाईलवर बघितलं.

"वहिनी, तितली जागा वाटून झालीय," नाना मऊ आवाजात म्हणाले. "आता तुमाला दिली का समद्यांच्या आया मागतील. नवीन वाटेकरी नको."

"आणि फणस नसतोच त्यात," अनिल म्हणाला. दिवसभरात आईशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

आई "बरं" म्हणाल्या, नारळ पदरात घेतला आणि घरी गेल्या. पाठोपाठ हे सगळे आले आणि कोंबडीवर ताव मारला. रस्सा झकास झालाय म्हणाले. मी वाढलं नाही. आईंनीच वाढलं, आग्रह करकरून.

सकाळी गाडी निघायची वेळ झाली तरी निरोप द्यायला आई घरात नव्हत्या. वरकशीवरून पहारीचा आवाज येत होता. आम्ही वर बघितलं. आईंनी लुगडं खोचलं होतं आणि त्या खड्डा घेत होत्या. एक घेऊन झाला होता, दुसरा चालू होता. पाऊस यायच्या आत खड्डे तापून तयार व्हावे लागतात.

"काकी!" सुहास गाडीशेजारून ओरडला. "कालच सांगितलं ना? लावलंत तर उपटणार हां आमी!"

आईंनी पहार थांबवली नाही. नाना म्हणाले, "चला रे, जुन्या माणसांच्या तोंडाला कुठं लागता," आणि सगळे गाडीत बसले. अनिलही बसला. मी बसले नाही. त्यानं काचेतून मला खूण केली, मी मान फिरवली. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी चप्पल काढली, पदर खोचला आणि वर चढले.

मला रडू येत होतं, रागानं. "आई, ह्या माणसांचा काही भरवसा नाही हो," मी म्हटलं. "काल मोबाईलातल्या झाडासाठी एवढ्या लांब आली. ही झाडंही खरंच येऊन उपटतील."

आईंनी पहार रोवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"उपटू दे की गो," त्या म्हणाल्या. "शिमग्याला येत नायत, माज्यासाटी येत नायत. उपटायला तरी येतील. आली का आदी जेवाय घालीन."