बाटल्यांची किनार

…आणि झाकणावर खळगा होता. तांदळाच्या दाण्याएवढा, एका अंगाला जरा खोल. सदूने अंगठ्याने माती पुसली, लुंगीच्या टोकाने पुसली, थुंकी लावून पुसली — खळगा होता तिथेच. बाटली चपटी, तपकिरी, आत्ताच पहारीने उपसलेली. तीसेक वर्षं अबोलीच्या वाफ्याभोवती डोक्यावर उभी होती, तोंड मातीत, बूड वर. बूड तेवढं सगळ्यांनी पाहिलेलं. ॲल्युमिनियमचं झाकण काही गंजत नाही. गंजलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि असं का वाटलं ते कळायच्या आधीच त्याची जीभ तोंडात मागे, उजवीकडे गेली, जिथे आता दाढ नव्हती, नुसती फट होती.

दाढ. हो, दाढच. मिठागरावर दिवसभर राबून हातांना चिरा पडायच्या, बोटं वळायची नाहीत, झाकण फिरायचं नाही. मग तो ते दाढेखाली धरायचा आणि बाटली फिरवायचा. कट्‌ असा आवाज व्हायचा. तो आवाज आला की त्याची बायको, मैना, चुलीकडे तोंड करायची आणि… नको. हे आज नको. आज किती कामं पडलीत.

घमेल्यात सकाळपासून उपसलेल्या बाटल्या होत्या. त्याने दुसरी उचलली. खळगा. तिसरी. खळगा. अहो, एखादी तरी दुसऱ्या कुणाची निघावी की नाही! गणपतीला येणारे पाहुणे दर वर्षी वाफ्यापाशी थांबायचे — काय सुंदर किनार केलीय हो, उन्हात कशी चमकते — आणि हा छाती पुढे काढून सांगायचा, आमच्या हिने भंगारवाल्याकडून आणल्या, तिला हौस फार. त्याला खरंच तसं वाटायचं. कुणी सांगितलं होतं त्याला भंगारवाल्याचं? कुणीच नाही. त्याचं त्यानेच ठरवलं होतं, आणि एकदा ठरवल्यावर तो कधी खाली वाकून बघायला गेला नाही.

ओट्यावर चार दगड ठेवून मृणालचा नकाशा अंथरला होता. मृणाल त्याची एकुलती एक लेक, पनवेलला लोकांच्या बंगल्यांच्या बागा आखून देते. पण बापाच्या परसाला तिने आजवर हात लावला नव्हता, आणि लग्नानंतर एक रात्रही ती इथे राहिली नव्हती. सकाळी यायची, उजेड आहे तोवर निघायची. आता मात्र रविवारी ती येणार होती आणि आपल्या चार वर्षांच्या लेकीला, शिवानीला, पहिल्यांदाच इथे ठेवून जाणार होती, महिनाभर. त्याआधी एवढं करून घ्या म्हणून तिने नकाशा पाठवला: टाकी झाकायची, ओट्याजवळ वाळूचा खड्डा, शेवग्याच्या जागी झोपाळा. आठ दिवस सदूच्या पायाला भिंगरी लागली होती. दारू सोडून अकरा वर्षं झाली, थेंब नाही. आणि शेवटी पोरीने विश्वास टाकला! वाफ्याभोवती तिने लाल रेघ ओढली होती. मिठागर गेल्यावर हा माणूस पंधरा वर्षं कंटेनरच्या यार्डात होता — तिथे लाल खूण म्हणजे डबा बाजूला काढायचा, वर विचारायचं नाही. शिवाय काच आली, लहान मूल आलं. आज शुक्रवार, दोनच दिवस उरले, म्हणून त्याने पहार घेतली होती.

"अवो," मैना चहा घेऊन आली ती पायरीवरच थांबली. "ह्या कशाला काडल्या?"

त्याने झाकण पुढे केलं. "ह्या माज्या हायत? सगल्या?"

ती हसली असती तरी चाललं असतं, ओरडली असती तरी. तिने नुसता कप खाली ठेवला. "तुमच्याच. पन मी न्हाय लावल्या. पोरीनं लावल्या."

"कंच्या पोरीनं?"

"किती पोरी हायत तुमाला?"

मग ती सांगत गेली, अंगणातलं पान उचलावं तितक्या सहज. शाळेला जायच्या आधी पोर खाटेखाली वाकायची. बाटली उचलायची. वास यायला नको म्हणून झाकण घट्ट लावायची, मैत्रिणींना दिसायला नको म्हणून परसात पुरायची. पण सात वर्षांच्या पोरीच्या हाताने खड्डा तो केवढा होणार! पावसाने माती वाहून गेली आणि सगळी बुडं वर आली. तेव्हा तिने त्या उपसल्या आणि अबोलीभोवती गोल रांगेत मांडल्या, म्हणजे कुणाला वाटेल मुद्दामच केलंय. पुढच्या बाटल्या मग तिथेच लागत गेल्या.

"तू मला बोलली न्हायस."

"कदी बोलू? तुमी शुद्धीवर कदी व्हतात?" मैना म्हणाली, आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

सदू खाली बसला. पाणी मारलेल्या मातीत, लुंगीसकट. त्याला आठवलं… नाही, आठवलं असं नाही, ते नेहमीच समोर होतं, त्याने हजारदा लोकांना सांगितलं होतं. सकाळची वेळ, खाटेवरून दिसणारं परस, निळा फ्रॉक, दोन वेण्या, लाल फिती, कोपरापर्यंत चिखल. आणि तो उशीवरून डोकं उचलून हसत विचारतोय, काय गं, माळीण झालीस काय? आणि ती वळून हसते. हसली होती ना? हेच तो मृणालच्या लग्नात व्याह्यांना सांगत होता, कौतुकाने, ती शेजारी उभी असताना — आमच्या पोरीला लहानपणापासून बागेची आवड, सकाळी उठली की हात मातीत! तिने पदर सारखा केला होता. अरे देवा… आणि आपण त्यावर टाळी घेतली होती.

लाज वाटायला हवी होती, पण अजून लाज नव्हती. कानात नुसती शीळ वाजत होती. मृणालला काय आठवणार, ती लहान होती — या एका वाक्यावर त्याने अकरा वर्षं निभावली होती.

तो उठला, चष्मा शोधला, नकाशावर वाकला. लाल रेघेच्या कडेला मुंगीसारखी बारीक अक्षरं होती. पेन्सिलने, तिच्या हातची. 'बाबा, ही किनार काढू नका. आहे तशी राहू दे.'

आहे तशी. का? बापाने रोज उठून बघावी म्हणून? की ही तिने केलेली पहिली बाग म्हणून? राग आहे, माया आहे, की शिवानीला इथे ठेवण्याआधी बघायचंय की म्हातारा काय करतो? त्याने ती ओळ चारदा वाचली. अक्षर सुबक होतं. त्यातून काहीच कळत नव्हतं, आणि फोन करून विचारायची छाती नव्हती.

तो वाफ्याशी परतला. भोकांत माती ढासळू लागली होती. कुठली बाटली कुठल्या भोकातली, आता कोण सांगणार. त्याने हाती आली ती घेतली, झाकण घट्ट आहे का पाहिलं — घट्ट होतं, त्या एवढ्याशा बोटांनी किती जोर लावला असेल! — आणि तोंड खाली करून रोवली. मग दुसरी. तिसरीपाशी तो थबकला. शिवानीला प्रश्न फार. आजोबा, हे काय, आजोबा, ते कुणाचं. रविवारी ती आल्या आल्या इथेच उकिडवी बसणार आणि चमकणाऱ्या बुडावर बोट ठेवणार. आजोबा, ह्या बाटल्या कुणाच्या? आणि मागे तिची आई उभी असणार.

भंगारवाल्याच्या, हे जिभेवर तयारच होतं, इतक्या वर्षांच्या सरावाने गुळगुळीत झालेलं. त्याने ते गिळलं. जीभ दाढेच्या फटीत जाऊन बसली, तिथून निघेना.

"माज्या," तो म्हणाला.

रिकाम्या परसात आपलाच आवाज ऐकून तो दचकला. आत मैनाच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. त्याने मान वर केली नाही. पुढचं भोक बोटांनी साफ केलं, आणि पुन्हा म्हणून पाहिलं, या वेळी जरा हळू, चार वर्षांच्या पोरीला कळेल असं.