मापाच्या वहीतला एक शब्द

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पहिले चार आकडे पुसून गेले आहेत, तरी मी अजून कामावर आहे. मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या गळ्यातली माप घ्यायची जुनी टेप. मला त्यांनी विकत आणलं तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते आणि मी पिवळीधमक होते. आता दोघींचाही रंग उडाला आहे.

आमचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक पडदा. त्या पडद्याआड मी शेकडो बायकांना मिठी मारली. कोणतंही माणूस दोन्ही बाजूंनी अगदी सारखं नसतं, हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं आरशालाही नसेल. बाईंची रीत मोठी छान. आकडा कधी मोठ्यानं उच्चारायच्या नाहीत, गुपचूप वहीत लिहायच्या. एखादीची एक बाजू लहान असली तर अस्तरात पातळ पॅड शिवून द्यायच्या आणि चकार शब्द काढायच्या नाहीत.

त्यांची भाची चिमणी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. वय सव्वीस. एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, मी छातीचं ऑपरेशन करून घेणार आहे. डावी बाजू उजवीसारखी करायची."

मशीन थांबलं. "कोणी काही बोललं का? तुझ्या दुकानातला तो चष्मेवाला मुलगा?"

"तो बिचारा स्वतःचाच चष्मा शोधत असतो. माझ्याकडे कुठे बघतोय!"

बाई तिच्याबरोबर डॉक्टरकडे निघाल्या. त्या गडबडीत मी गळ्यातच राहिले.

"ताई, आज माप घ्यायचं काम माझं आहे हं," डॉक्टरबाई मला बघून हसल्या. मग शांतपणे सांगू लागल्या. छाती भरण्यासाठी आत बसवतात ती वस्तू जन्मभर पुरतेच असं नाही, पुढे पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. भोवती कडकपणा येऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, स्पर्श कमी जाणवू शकतो, बाळाला पाजताना अडचण येऊ शकते. "आणि एवढं करूनही दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील असं मी लिहून देत नाही."

"मग करतं तरी कोण हे?" बाईंनी विचारलं.

"करतात, ताई. एक बाई वीस वर्षं पोहायला उतरल्या नव्हत्या. सगळं ऐकून, विचार करून त्यांनी केलं. आता पाण्याबाहेर येत नाहीत! म्हणून मी 'नको' म्हणत नाही. फक्त विचारते, कशासाठी?"

चिमणीनं मावशीच्या गळ्यातल्या माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "चौदा वर्षांची असताना मावशीच्या वहीत माझं माप वाचलं. शेवटी लिहिलं होतं, 'डावी उणी'. तेव्हापासून मी उणीच आहे."

"अगं बये! ते कापडासाठी गं!" बाईंना रडू फुटलं. "डावीकडे कापड उणं धरायचं, एवढंच. तू कसली उणी? तुझ्या जिभेपुढे माझी कात्री बोथट!"

चिमणी हसली. पण बेत रद्द झाला असं काही म्हणाली नाही. मला तिचं हेच फार आवडलं. "मावशी, शब्द तुझा, पण बारा वर्षं जपला मी. तो एका दुपारी कसा जाईल?"

डॉक्टरबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली नाही. "सहा महिन्यांनी ये. 'हो' म्हणालीस तरी माझी हरकत नाही."

ते सहा महिने बाईंनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. ओठांवर 'नको करूस' आलं की त्या दोरा दातात धरायच्या.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या. "काय ठरलं?"

"चार महिने रोज आरशासमोर उभी राहिले, रोज वाटायचं करावं," चिमणी म्हणाली. "मग दोन महिने... विसरूनच गेले हो! काल मावशीनं आठवण करून दिली."

डॉक्टरबाईंनी कागद बाजूला सारला. "जे विसरता येतं, त्यावर मी सुरी चालवत नाही. पुन्हा आठवलं, तर दार उघडं आहे."

बाईंनी इतका मोठा श्वास सोडला की मी त्यांच्या गळ्यावरून घसरले.

मित्रांनो, एका जुन्या टेपेची तुम्हाला एवढीच विनवणी. कुणाच्या अंगाबद्दल काही बोलाल किंवा लिहाल, तेव्हा ते वाचायला कुणीतरी चौदा वर्षांचं पोर समोर उभं आहे असं समजा.