रडणारा वीर आणि भिंतीमागचा भाता

अथेन्सच्या चित्रओसरीत त्या थंडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मॅरेथॉनच्या लढाईच्या चित्रातला जखमी वीर रोज सकाळी रडत होता! आणि थ्रासिक्लीस नावाचे एक महाराज ते लालसर अश्रू शिंपल्यात धरून दुखऱ्या डोळ्यांत घालत होते. रडून रडून वीराचा डोळा ओघळून दाढीपर्यंत आला होता. महाराज म्हणाले, "पाहा, वीर आता आपल्या लेकरांकडे खाली वाकून पाहतोय!" लोकांनी लगेच हात जोडले.

फिती विकणारी फिलिना आपल्या लेकीला, मिर्टोला, घेऊन पहिल्या रांगेत उभी होती. पोरीचे डोळे सुजून बंद झाले होते. अरिस्टिऑन वैद्याने पट्टी बांधून बजावले होते, "मीठ घालून उकळलेल्या पाण्याने धू. दुसरं काही घालशील तर नजर जाईल." पण कालपर्यंत सूज उतरली नव्हती, आणि आईचे मन काय, धीर धरते थोडेच! शिवाय फिलिनाला स्तोत्रांचे भारी वेड. अपोलो देवाचे स्तोत्र सुरू झाले की ती तहानभूक विसरायची. जिथे इतके गोड गातात तिथे खोटे कसे असेल, असे तिला वाटे.

"मोठ्यानं गा, मोठ्यानं!" महाराज ओरडले. "सूर पडला की अश्रू आटतात!"

"का हो, वीराला कमी ऐकू येतं?" मागून अरिस्टिऑन म्हणाला.

"ढालींच्या खणखणाटानं कान बसलेत त्याचे! आणि तू रे, बेटावरच्या उपऱ्या वैद्या, तुझे रोगी इकडे आले म्हणून पोटात दुखतंय का?"

लोक खो खो हसले. स्तोत्र सुरू झाले. फिलिनाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. वीराच्या डोळ्यातून थेंब ओघळला. महाराजांनी शिंपला पुढे केला, मिर्टोची पट्टी सोडायला हात लावला.

दमून भिंतीला टेकलेली पोर एकदम म्हणाली, "आई, भिंत गरम आहे. आणि आत कुणीतरी घोरतंय."

"गप, गाऊ दे."

"अगं, खरंच! लोहारकाकांच्या दुकानासारखं. भस्... भस्..."

फिलिनाने भिंतीला हात लावला. हिमासारख्या थंड सकाळी ती भाकरीसारखी ऊबदार लागली. तिने गाणे थांबवले. मग ती वळली आणि गाणाऱ्या बायकांवर ओरडली, "थांबा! सगळ्याजणी गप्प बसा!"

"अश्रू आटतील, बाई!" महाराज किंचाळले.

"आटू देत!"

ओसरी शांत झाली. आणि चित्राच्या फळीमागून स्पष्ट ऐकू आले, भस्... भस्...

अरिस्टिऑन मागच्या कोठारात धावला. कोठार महाराजांनीच 'मौनव्रतासाठी' घेतले होते. आतून त्याने एका घामाघूम माणसाला भात्यासकट बाहेर ओढले. माणूस बिचारा वैतागून म्हणाला, "महाराज, गाणं थांबवायचं होतं तर मला आधी खूण द्यायची ना!"

"फळीमागचा दगड काढून शेगडी ठेवलीय," वैद्य लोकांना म्हणाला. "हे रंग मेणात कालवून लाकडावर चढवलेत. ऊब लागली की मेण वितळतं. तुम्ही डोळ्यांत घालत होता ते वीराचे अश्रू नव्हते, त्याच्या गालाचा रंग होता! आणि तुम्ही गात होता तो भात्याचा आवाज झाकायला."

महाराज कुठे? गर्दीतून अंग चोरत पसार! शिंपला तेवढा खाली पडला होता.

फिलिनाने पोरीला जवळ ओढले. पोरीच्या डोळ्यांपेक्षाही एक गोष्ट तिला आत झोंबत होती. "माझं स्तोत्र..." ती पुटपुटली. "त्यानं माझ्या देवाच्या नावाचा पडदा केला, वैद्यबुवा."

"पडदा फाडलास ना? चल, पाणी उकळ."

आठवडाभराने मिर्टोने डोळे उघडले. आईबरोबर ओसरीत जाऊन तिने आधी वीराकडे पाहिले आणि हसून विचारले, "आई, याचा डोळा दाढीत का?"

मायबाप हो, देवाला जरूर गा, जीव ओतून गा. स्तोत्राला भिंतीमागे शेगडी लागत नाही. पण कुणी म्हणाला, "मोठ्यानं गा, मध्ये थांबू नका," तर त्याच क्षणी थांबा, आणि मागे जाऊन पाहा. आणि लेकराचे डोळे आले, तर वैद्याकडे न्या.