बाराव्या क्रमांकाला उत्तर

मी एक जुना सेन्सर आहे. मित्रांनो, माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे काही नाही. एका पत्राला मी उत्तर दिले नाही, तेवढे सांगतो.

छत्तीसगडच्या नवा रायपुरात रुंद रस्त्याकडेच्या एका बागेत मला पुरले आहे. मातीतला ओलावा मोजायचा आणि हवेतून शेजाऱ्याला कळवायचा, हे आमचे काम. टोकाच्या बाराव्या क्रमांकाच्या सेन्सरचे पत्र माझ्याकडे येते, मी ते ऑफिसात पोचवतो. आमच्या आकड्यांवरच तिथून नळ सुटतो. पत्र मिळाल्याचे उत्तर गेले नाही, तर पाठवणारा तेच पत्र पुन्हा पुन्हा पाठवतो आणि दर वेळी त्याचा सेल झिजतो. सेल बदलत नाहीत. सेल संपला की अख्खा सेन्सरच फेकतात. म्हणून आम्ही बराच वेळ झोपतो आणि ठरल्या वेळी एकदम जागे होतो. नवा होतो तेव्हा पाहुणे मला वाकून बघत. आता माझ्यावर गवत वाढले आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात माझा सेल उतरू लागला. यंत्रे सांभाळणाऱ्या चेतनाने माझी झोप वाढवली, पण बाराव्याला नवी वेळ कळवायची राहिली. तो हाका मारत होता, मी झोपलो होतो. काटकसर माझी झाली, खर्च त्याचा.

चौथ्या दिवशी बागेत काम करणाऱ्या शांताबाई तणतणत आल्या.

"काहून वं चेतना, माहे करंज सुकून राहिले न!"

"मौसी, स्क्रीन पर तो मिट्टी गीली है।"

"मंग स्क्रीनखालीच बस सावलीले!"

चेतनाने मोबाइल नीट पाहिला. "अरे, ये तो चार दिन पुराना आँकड़ा है।"

तिने मला जागे ठेवले. बाराव्याच्या सेलमध्ये एखादी हाक उरली असेल, नसेल. शांताबाई बादली घेऊन निघाल्या. रोपे मात्र चाळीस होती.

दुपारी अगदी क्षीण हाक आली: माती कोरडी. मी ती पुढे दिली. पाइप गुरगुरला आणि शांताबाईंनी बादली खाली ठेवली.

मित्रांनो, वीज जरूर वाचवा. पण आपल्या भरवशावर कोण जागे आहे, ते आधी बघा. मला हे उशिरा कळले.

उत्तर अजून बाकी होते. ते मी पाठवले: "मिळाले. आता माझ्याच वेळेला जागा हो. तोवर झोप."