उजव्या खांद्यावरची घडी

मृण्मयीची कात्री कापडातून जाताना वाळल्या पानांवर कुणी हलकेच पाऊल ठेवावं तसा आवाज येई, आणि तेवढा वेळ तिचा श्वास थांबलेला असे. बंगळुरात कोरमंगलातल्या तिच्या स्टुडिओत उत्तरेच्या खिडकीतून आलेला प्रकाश पांढऱ्या भिंतींवरून संथपणे निथळत राही. तिथे जरीकाम नव्हतं, लेस नव्हती, बटणांची आरासही नव्हती. बेळगावची ही मितभाषी मुलगी आधी वास्तुकला शिकली आणि मग स्त्रियांचे कपडे करू लागली. भिंत उभारावी तशी ती घडी उभारी, आणि झरोका सोडावा तशी गळ्यापाशी जागा सोडी.

डिसेंबरातल्या एका दुपारी मी तिच्या आरशासमोर उभी होते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत माझा डावा स्तन गेला होता. सोमवारी हेब्बाळच्या ऑफिसात पुन्हा रुजू व्हायचं होतं, आणि कपाटातला एकही कपडा मला आपला वाटत नव्हता. मृण्मयीनं शिवलेला करडा अंगरखा मी चढवला. उजवीकडे तो नीट बसला. डावीकडे मात्र कापड आत कोसळलं, आणि इतके दिवस ओढणीआड सांभाळलेली पोकळी त्या निर्मळ उजेडात लख्ख दिसू लागली.

"मला नको हे," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "आत पॅड लाव, नाहीतर राहू दे."

खाली रिक्षांचा कलकलाट चालला होता. मृण्मयीनं हातातली टाचणी परत उशीत खोचली.

"अक्का, स्वल्प थांबा, थोडंसंच," अखेर ती म्हणाली. "हवं तर लावते पॅड. पण माप घेताना मी तुमच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. धीर झाला नाही. आता बघू?"

रागानं मी निघूनच जाणार होते. का कोण जाणे, थांबले. बंद सोडले.

तिनं पाहिलं. त्या दृष्टीत कणव नव्हती. उताराच्या जमिनीवर घर बांधू पाहणारी माणसं चढउतार न्याहाळतात, तसं तिचं अविचल, एकाग्र पाहणं होतं. मग तिनं शिवण उसवली, उजव्या खांद्यावरून एक लांब, तिरकी घडी डाव्या कमरेपर्यंत उतरवली आणि टाचण्या लावून मागे सरली. कापड आता छातीवरच्या सपाटीला धरून, ताठ उभं होतं.

"दिसतंय ना अजून?" तिनं भीत भीत विचारलं.

"दिसतंय," मी म्हणाले. "पण कोसळत नाही."

"पॅड?"

"नको."

सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईची नजर त्या घडीवरून खाली घसरली, आणि परत माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबली. "बरं झालं आलात," ती एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी कपडे बदलताना, शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच, नवरा बाहेर बसलेला असूनही मी आमच्या खोलीचं दार लावलं नाही.

थंडीत अजूनही कधीकधी डावीकडे, जिथे काही नाही तिथेच, दुखतं. त्या दुखण्यावर हात ठेवला की वाटतं, जे न्यायचं ते काळानं नेलं, त्याची जागा मात्र तो माझ्यापाशीच ठेवून गेला.